बोअरचे पाणी आणि गंजगोलाईतला सुटा चहा

लातुरात चहाची पारख करायची, तर आधी पाण्याची करावी लागते. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर सुटा चहा विकणारे एक लहानसे दुकान आहे. तिथे रोजच्या दाणेदार चहाबरोबर दार्जिलिंग, निलगिरी, ग्रीन टी आणि वाळवलेल्या फुलापानांचे बरेच प्रकार काचेच्या बरण्यांत मांडलेले असतात. त्यांतले बहुतेक प्रकार मी घरी आणले आणि प्रत्येक प्रकार एकदा बोअरच्या व एकदा जारच्या पाण्यात करून, दोन्ही पेले शेजारी ठेवून चाखला. हे परीक्षण त्या चाखण्यावर आधारलेले आहे.

तुलना करताना माप सारखे असणे महत्त्वाचे असते. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे १९८० साली पहिल्यांदा निघालेले आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घेऊन तो सहा मिनिटे झाकून ठेवतात. मी काळ्या चहांसाठी तेच प्रमाण पाळले. ग्रीन टीसाठी मात्र पाणी ८० अंशांच्या आसपास उतरू दिले, कारण उकळत्या पाण्यात ती पाने कडवटपणाच पुढे करतात.

सर्वांत आधी दाणेदार, म्हणजे सीटीसी चहा. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. पाने दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि गुंडाळली जातात, त्यामुळे रंग आणि कडकपणा चटकन उतरतो. या दुकानातला आसामचा जाड दाणा उत्तम आहे. दूध घातल्यावरही त्याची चव दबत नाही आणि आले-वेलदोडा घालून उकळला तरी चहाचा स्वतःचा स्वाद शिल्लक राहतो. बोअरच्या पाण्यात तो थोडा काळसर होतो, पण दुधात ते फारसे जाणवत नाही. आपल्याकडे कडक दुधाच्या चहाची आवड इतकी रुजली, त्याला आपले पाणीही काही अंशी कारण असावे, असे मला मनापासून वाटते.

दार्जिलिंगची गोष्ट अगदी वेगळी आहे. भारतात भौगोलिक मानांकन सर्वप्रथम याच चहाला मिळाले, आणि मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीच्या पानांना त्यात विशेष मान आहे. जारच्या पाण्यात ही पाने फिकट सोनेरी उतरली. पहिल्या घोटाला ताज्या फुलांचा गंध आणि मागाहून जिभेच्या कडांवर रेंगाळणारा हलका तुरटपणा, हे दोन्ही स्पष्ट कळत होते. तीच पाने, तेच माप, फक्त पाणी बोअरचे, आणि पेल्यात तपकिरी, मंद रंगाचा चहा आला, ज्याच्यावर काही मिनिटांत पातळ तवंग धरला आणि गंध जवळजवळ नाहीसा झाला. याचे कारण आपल्या जमिनीत आहे. बेसॉल्टच्या थरांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. बायकार्बोनेटमुळे चहाचा रंग गडदावतो आणि कॅल्शियमच्या साथीने पृष्ठभागावर तवंग तयार होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. चहाच्या दृष्टीने ही मुभा फार मोठी आहे. ज्या शहराने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे, तिथे पाण्याच्या चवीबद्दल तक्रार करणे अनेकांना चैन वाटेल, हे मी जाणतो. तरीही एवढा महाग चहा विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकाला पाण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. जारचे पाणी आणायचे नसेल, तर बोअरचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा साका न हलवता वरचे पाणी वेगळे काढून पुन्हा तापवावे. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

निलगिरी चहा बोअरच्या पाण्यात दार्जिलिंगपेक्षा पुष्कळच बरा टिकला. कोरा पिण्याची सवय लावायची असेल, तर सुरुवात त्यापासून करावी. ग्रीन टी मात्र मला जुना वाटला. गवताळ ताजेपणा गेलेला होता आणि मागे नुसता कडूपणा उरला होता.

आता अंबाडी. दुकानातल्या सगळ्या बरण्यांत माझ्या मते सर्वांत मोलाची बरणी हीच आहे, आणि नेमकी तीच मागच्या फळीवर ठेवलेली होती. आपल्या शेतांच्या बांधांवर अंबाडी भाजीसाठी आणि वाखासाठी पूर्वापार लावली जाते. तिच्यातल्या लाल बोंडांच्या जातीची मांसल निदले, म्हणजे फुलाच्या बुडाची जाड दले, वाळवली, की सुदान आणि इजिप्तमध्ये करकदे म्हणून आवडीने पितात ते पेय तयार होते. सायट्रिक आणि मॅलिक आम्लांमुळे ही बोंडे मुळातच आंबट असतात, आणि कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटला ती आम्ले निकामी करतात. म्हणून बोअरच्या पाण्यातही पेला तवंगाविना, लालभडक आणि नितळ राहिला. आंबटपणा तेवढा थोडा सौम्य झाला, आणि तो मला अधिक आवडला. गुळाचा लहानसा खडा घालून, गार करून प्यायल्यास एप्रिल-मेच्या दुपारी याला तोड नाही.

गवती चहा वाळवलेला घेऊ नये. त्याचा गंध सिट्राल या उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो, आणि बरणीतल्या पात्यांत तो नावापुरताच उरला होता. परसातली ओली पाती कापून, गॅस बंद केल्यावर घालून झाकण ठेवावे. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग लिंबू पिळताच जांभळा होतो, त्यामुळे मुले खूष होतात, पण चव जवळजवळ नाहीच. कॅमोमाइल सौम्य आणि गोडसर आहे, रात्री झोपण्यापूर्वी घ्यायला चांगले.

तुळस, सुंठ आणि ज्येष्ठमध यांचे तयार मिश्रण घशाला आराम देते, परंतु त्यात ज्येष्ठमधाचे प्रमाण जास्त असल्याने गोडी शेवटपर्यंत जिभेवर चिकटून राहते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो. ज्यांना तो त्रास आहे, त्यांनी हा काढा रोज घेऊ नये, आणि ही सूचना बरणीवर ठळक लिहिलेली असायला हवी होती.

दुकानदाराची वागणूक आपुलकीची आहे आणि मागितल्यास कोणताही चहा ५० ग्रॅमही मोजून देतात, ही मोठी सोय आहे. मात्र काचेच्या बरण्या थेट उजेडात असतात आणि एकाही बरणीवर खुडणीचा महिना लिहिलेला नाही. दार्जिलिंग आणि ग्रीन टी तरी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. तोवर तिथून आसामचा दाणा, निलगिरी आणि अंबाडी निःशंकपणे घ्यावी. अंबाडीची नवी बोंडे हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, तेव्हा ती आखडलेली काळपट नसून गर्द लाल आहेत, हे पाहून निवडावीत.