उत्तरेचं वाहतं पाणी: आइसलँड करू की फिनलंडचं ओउलांका?

लाँग एक्सपोजरचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून वाहतं पाणी रेशमासारखं टिपायचं, वेड असलेल्या बऱ्याच जणांचं हेच अडतं, एवढा व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे करून उत्तरेला जायचंच तर आइसलँडच करावं ना, सगळे तिथेच जातात. माझं मत आधीच सांगते. भव्य धबधबा हवा असेल तर आइसलँड, पण नदी हवी असेल, दगडाला वळसा घालणारी, डोहात फेस फिरवणारी, आणि तिच्या काठी निवांत बसून फ्रेम शोधायची असेल तर ओउलांका नॅशनल पार्क.

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याचा मोठा फायदा म्हणजे सोय. सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस दोन्ही साधारण ६० मीटर उंचीचे, दोन्ही देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोड या हमरस्त्याला लागूनच, गाडी लावली की थोड्याच वेळात ट्रायपॉड उभा. सेल्यालांड्सफॉसच्या मागून चालत जाता येतं, तिथून पाण्याच्या पडद्याआडून मावळतीचा उजेड मिळाला तर काय सांगू. पण तुषार इतके की लेन्स सतत पुसावी लागते (जुलैत आंबोलीला शूट केलं असेल तर हा सराव आहेच तुम्हाला), आणि वारा जोरात असला की ट्रायपॉड थरथरतो, त्यामुळे तिथे ३० सेकंदांच्या नादी लागू नका, पाव ते अर्धा सेकंद ठेवा, पाण्याचे धागेही दिसतात आणि काचेवर थेंब साचायच्या आत फोटो निघतो. दिवसा फ्रेममध्ये माणसं येणारच. जूनमध्ये रात्री पुरता अंधार होत नाही म्हणून रात्री एक-दोनला जा, किंवा स्कोगाफॉसच्या बाजूच्या पायऱ्या चढून वर जा, वर त्याच स्कोगा नदीवर एकामागून एक धबधबे आहेत आणि जितकं पुढे चालाल तितकी गर्दी विरळ होते. मला विचाराल तर आइसलँडच्या या पट्ट्यातला खरा शांत भाग तोच.

आता ओउलांका. फिनलंडमधल्या कूसामो या गावाच्या उत्तरेला, रशियाच्या सीमेलगत, आर्क्टिक वर्तुळाच्या जरासं खाली, १९५६ पासूनचं नॅशनल पार्क. यूमा गावातून १२ किलोमीटरची ‘पिएनी कार्हुनकिएरोस’ नावाची गोल पायवाट निघते, तिच्यावर म्यूल्यूकोस्कीची जुनी लाकडी पाणचक्की आहे आणि पुढे यूरॅवॅ धबधबा, जो जेमतेम ९ मीटरचा. आकडा ऐकून नाक मुरडू नका, कारण इथला विषय उंची नाहीच, पाणी कसं वळतं, कुठे थांबतं, कुठे दगडाखाली शिरतं ते बघायचं. खाली संथ पाण्यात फेस फिरताना दिसला की १५-२० सेकंदांचं एक्सपोजर द्या, पाण्यावर वर्तुळं उमटतात. झाडीमुळे वारा कमी लागतो म्हणून हे जमतं. फक्त मागे गर्द स्प्रूस आणि पुढे पांढरं पाणी असं असलं की कॅमेरा फसतो आणि पांढरा भाग जळतो, म्हणजे त्यातले बारकावे जाऊन कोरा दिसतो, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघत रहा.

पार्कच्या दुसऱ्या भागात किउताक्यॉन्गॅसला लालसर डोलोमाइटच्या कड्यांमधून ओउलांका नदी उसळत जाते, तिथे मात्र आवाज आणि जोर दोन्ही भरपूर. फिनलंडच्या बऱ्याच नद्यांना दलदलीतून आलेला चहासारखा तपकिरी रंग असतो, पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर) फिरवून चमक काढली की तो रंग आणि तळाचे दगड दोन्ही वर येतात. हा फिल्टर घरी विसरू नका. बाकी एनडी (उजेड कमी करणारे काळसर फिल्टर) दोनच पुरेत, ३ स्टॉप आणि ६ स्टॉप. १/३० सेकंदाचा शटर ६ स्टॉपने साधारण २ सेकंद होतो, जंगलाच्या मंद उजेडात त्याहून जास्त क्वचितच लागतं.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही देश महाग आणि दोन्हीकडे गाडी असलेली बरी, पण फिनलंडच्या नॅशनल पार्कला प्रवेश फी नाही, आणि वाटेवर शेकोटीच्या जागा लाकडासकट मिळतात, त्यामुळे दिवसभर एका वळणावर बसता येतं.

हिवाळ्यात ओउलांकाला जायचं धाडस असेल तर बघा, उणे २० मध्येही हे खळाळ पूर्ण गोठत नाहीत, दगडांवर बर्फाच्या टोप्या चढतात आणि डिपर नावाचा छोटा पक्षी त्या पाण्यात बुड्या मारतो. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, आणि परत आल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर उबदार खोलीत काचेवर लगेच दव धरतं. जुलै मात्र टाळा, डास फार.

हातात दोन-तीनच दिवस असतील आणि सोबत फोटोग्राफी न करणारी मंडळी असतील तर बिनधास्त आइसलँड घ्या. एकटे किंवा दोघंच असाल आणि आठवडा काढता येत असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरून हेलसिंकीमार्गे कूसामोचं तिकीट बघा, तेव्हा बर्च पिवळे झालेले असतात, डास संपलेले असतात, रात्री अंधार पडायला लागल्यामुळे आभाळ साफ असलं तर ऑरोराचाही (उत्तरेकडच्या आभाळातल्या रंगीत प्रकाशाचा) चान्स असतो, आणि मुक्काम यूमाजवळ घ्या म्हणजे पहाटे चालतच पाण्यापर्यंत पोचाल.