छोट्या नमुन्यासाठी शाडू की प्लॅस्टिसिन?

साताऱ्यातल्या भाच्याला प्रतापगडावर १९५७ पासून उभा आहे तसा अश्वारूढ पुतळा करायचाय. आधी वीतभर नमुना, पण कशात?

खर्चात शाडू माती केव्हाही परवडते. बिघडलं तर भिजवून पुन्हा मळायची. पण घोड्याचे पाय आतल्या आधाराच्या तारेवर तोललेले असतात. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही, आणि नेमका गुडघ्यावर तडा जातो. रोज ओलं फडकं गुंडाळायचं, तेही आलंच.

प्लॅस्टिसिन म्हणजे तेलात मळलेली कृत्रिम माती. महाग, पण तेलातलं असल्याने वाळत नाही. महिन्याभराने घोड्याची मान वळवली तरी वळते. उन्हाळ्यात मऊ पडतं, एवढं सांभाळ.

झटपट चार कल्पना चाचपायला शाडूच घे. समितीला दाखवून बदल करत राहायचं असेल, तर प्लॅस्टिसिनवर खर्च कर.