जुना पिक्चर, नवी प्रिंट

कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर कितीदा बघितला त्याची मोजदादच नाही, तोच पिक्चर आता फोर-केमध्ये रिस्टोअर होऊन आलाय म्हणून काल रात्री लावला आणि दहाच मिनिटांत डोळे भरून आले. कॅसेटवर जेमतेम 240 ओळींचं चित्र असायचं, त्यात टीव्ही 4:3 चा, म्हणजे जवळजवळ चौकोनी, मग 2.35:1 ची लांबलचक रुंद फ्रेम दोन्हीकडून कापून जवळजवळ 40 टक्के चित्र गायबच व्हायचं! स्टेशनवरच्या निरोपाच्या सीनमध्ये पार कडेला तिसरा मित्रपण उभा असतो हे मला इतक्या वर्षांनी काल कळलं. आम्हीपण असेच पांगलो होतो, त्यातला एक आता नाहीये... तिथे पॉज करून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

रंग मस्त, फिल्मचा ग्रेन, म्हणजे तो बारीक दाणेदारपणा, ठेवलाय ते फार बरं केलं, तो पुसला की चेहरे मेणाचे दिसायला लागतात. आवाज मात्र पटला नाही, 5.1 च्या, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाच्या नादात पाऊस संवादांवर चढतो, मूळ मोनो (एकाच चॅनलचा) ट्रॅक द्यायलाच हवा होता. 5 पैकी 4 स्टार. संपल्यावर रात्री दीडला जुन्या रूममेटला फोन लावला, पहिल्याच रिंगला उचलला पठ्ठ्याने.