बारा दिवस, एक देश, एक शीट : व्हिएतनाम हनिमूनच्या आखणीचा वर्षभरानंतरचा अनुभव

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमचा साखरपुडा झाला आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून एक ऑनलाइन शीट उघडली. नाव दिलं 'व्हिएतनाम'. तेव्हा तिच्यात फक्त शहरांची यादी होती आणि ती रोज वाढत होती. मार्च २०२५ मध्ये आम्ही जाऊन आलो. त्यानंतर नवऱ्याच्या मित्राने ती शीट वापरली आणि आता माझ्या मावसबहिणीकडे ती आहे. म्हणजे एक वर्षाहून अधिक काळ ती वापरात आहे. काय उपयोगी पडलं आणि काय चुकलं ते नीट लिहून ठेवते, कारण एकाच देशात चार-पाच गावं जोडायची असतील तर नेमक्या याच गोष्टी कुणी सांगत नाही.

आधी तारखांबद्दल. लग्न डिसेंबरात होतं आणि लग्नानंतर लगेच निघायचं असा घरच्यांचा आग्रह होता. पण व्हिएतनाम उत्तर-दक्षिण पसरलेला चिंचोळा देश आहे. हनोईहून साइगाँवपर्यंतचा (हे हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-दिल्ली राजधानीच्या १,३८४ किलोमीटरपेक्षाही लांब. एवढ्या लांबीत हवा एकसारखी कशी असेल? मध्य किनाऱ्यावर, म्हणजे ह्वे, दा नांग, होई अन या पट्ट्यात, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर होई अनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि तिकडे नेमका तोच ओला काळ. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत तेत येतो, त्यांचं चांद्र नववर्ष. २०२५ मध्ये तो २९ जानेवारीला होता. तेव्हा सगळा देश आपापल्या गावी जातो, गाड्या-विमानं भरलेली असतात आणि बरीच दुकानं बंद असतात. आम्ही सासूबाईंना कॅलेंडर समोर ठेवून हे समजावलं आणि मार्च ठरवला. तीन महिने थांबल्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

आता शीटकडे येते. तिच्यात बरेच रकाने होते, पण खरं काम केलं एकाने : 'दारापासून दारापर्यंत'. हनोई ते दा नांग विमान तासा-सव्वा तासाचं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्ही हॉटेलच्या दारापासून मोजलं. जुन्या हनोईतून नोई बाई विमानतळ पाऊण ते एक तास, दोन तास आधी पोचणं, उड्डाण, बॅगा यायला अर्धा तास, मग दा नांगहून होई अनला पाऊण तास, कारण होई अनला ना विमानतळ आहे ना रेल्वे स्टेशन. एकूण पाच ते साडेपाच तास. हा आकडा शीटमध्ये लिहिल्यावर समजलं की गाव बदललं की अर्धा दिवस गेलाच.

एका टूरवाल्याने आम्हाला सात रात्रींत पाच गावं असा बेत दिला होता. स्वस्त होता, आकर्षक होता. त्याचे आकडे या रकान्यात टाकल्यावर दिसलं की आम्ही हा लाँगच्या खाडीत घालवू त्यापेक्षा जास्त वेळ गाडीच्या सीटवर घालवणार होतो. तेव्हापासून गावं मोजणं सोडलं आणि रात्री मोजायला लागलो. कुठल्याही ठिकाणी सलग दोन रात्री मिळत नसतील तर त्या ठिकाणाने यादीतलं स्थान सिद्ध करायला हवं, असा नियम ठेवला.

दुसरा मोठा निर्णय तिकिटांचा. जाताना मुंबई-हनोई, येताना हो ची मिन्ह सिटी-मुंबई असं काढलं. एकाच शहरातून ये-जा केली असती तर शेवटी हनोईला परत यायला एक पूर्ण दिवस आणि दोन विमान तिकिटं वाया गेली असती. वेगळ्या शहरातून परतणं महाग पडेल अशी भीती असते, म्हणून बहुतेक लोक ते तपासतही नाहीत. आम्ही शीटमध्ये दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिले, त्यात देशांतर्गत विमानाचे पैसे धरले, आणि फरक जवळपास संपला.

ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रवेशाचं आणि बाहेर पडायचं ठिकाण निवडावं लागतं, त्यामुळे तिकिटं आधी ठरलेली बरी. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची फी २५ डॉलर आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. म्हणून स्पेलिंग तीनदा तपासा. नव्या नवऱ्या मुलींसाठी खास : पासपोर्टवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असेल तर व्हिसा, तिकीट, हॉटेल सगळं त्याच नावाने करा. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला. लग्नाच्या धावपळीत मी एका बुकिंगवर सवयीने नवं आडनाव लिहिलं होतं आणि ते दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले.

शेवटी बेत असा ठरला : हनोई दोन रात्री, हा लाँगच्या बोटीवर एक, निन्ह बिन्हला एक, होई अनला चार, हो ची मिन्ह सिटीत दोन. दहा रात्री.

हनोईबद्दल थोडक्यात. दोन रात्री बरोबर होत्या. होआन किएम तळ्याभोवती शनिवार-रविवारी वाहनं बंद असतात. आम्ही मुद्दाम शनिवारी पोचलो आणि त्या रिकाम्या रस्त्यांवर संध्याकाळभर फिरलो. अंड्याच्या बलकाची कॉफी नवऱ्याने प्यायली, मी नारळाची.

हा लाँगला मार्चमध्ये धुकं असू शकतं, हे वाचलं होतं, शीटमध्येही लिहिलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी सगळं राखाडी होतं आणि बारीक झिमझिम पडत होती. फोटोंत असतं तसं हिरवं पाणी दिसलं नाही. पण धुक्यातून एकामागून एक चुनखडीचे सुळके पुढे येत होते, बोटीचं इंजिन बंद झाल्यावर फक्त पाण्याचा आवाज उरला, आणि आम्ही दोघं शाल गुंडाळून वरच्या डेकवर बसलो होतो. मला तो दिवस आवडला. मात्र लख्ख ऊन हवंच असेल तर मार्च निवडू नका, एप्रिलच्या पुढे जा.

यानंतरची चूक पूर्ण आमची. बोट दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सोडते. तिथून गाडीने थेट निन्ह बिन्हला गेलो, एक रात्र राहिलो, सकाळी सातला त्रांग आनच्या नावेत बसलो. डोंगरांखालच्या गुहांतून जाणारी ती नाव, डोकं वाकवून अंधारातून जाणं आणि पलीकडे एकदम उघडं आभाळ, हे फार सुंदर आहे. २०१४ मध्ये त्रांग आन जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते उगाच नाही. पण दुपारी बाराला आम्हाला नोई बाईकडे निघायचं होतं, संध्याकाळचं विमान पकडायचं होतं आणि रात्री होई अनला पोचायचं होतं. शीटमध्ये प्रत्येक चौकोन व्यवस्थित बसत होता. माणसं मात्र बसत नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी चार वाक्यंही नीट बोललो नाही. रात्री आठला हॉटेलात पोचलो आणि न जेवता झोपलो. हनिमूनचा एक पूर्ण दिवस असा गेला. निन्ह बिन्हला दोन रात्री द्या किंवा ते सोडून द्या, मधला मार्ग नाही.

होई अनच्या चार रात्री हा मात्र सगळ्यात शहाणपणाचा भाग. घरात, मित्रांत, सगळ्यांनी विचारलं होतं, एवढ्याशा गावात चार रात्री काय करणार? तर ऐका.

होई अनमध्ये दर चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. त्यांची चतुर्दशी म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. मी शीटच्या कडेला कालनिर्णयमधल्या पौर्णिमा लिहून ठेवल्या होत्या आणि लक्षात आलं की मार्चमधली ती रात्र १३ तारखेला आहे. आपल्याकडे त्या दिवशी होळी होती. सगळा बेत त्या एका तारखेभोवती बांधला. थू बोन नदीच्या काठावर बसलो, पाण्यात कागदी दिवे सोडले, आईला व्हिडिओ कॉल केला तर तिकडे अंगणात होळी पेटत होती. आमच्याकडे दीड तास पुढची वेळ. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातला हा सर्वांत जवळचा क्षण आहे.

दुसरं कारण शिंप्यांचं. होई अनचे शिंपी एका दिवसात कपडे शिवून देतात हे खरं, पण पहिल्या मापात बसेलच असं नाही. पहिल्या दिवशी माप, दुसऱ्या दिवशी घालून पाहणं, तिसऱ्या दिवशी दुरुस्ती. दोन रात्रींत हे जमत नाही. मी तिथल्या रेशमाचे दोन ब्लाउज शिवले. नमुन्यासाठी घरचा नीट बसणारा ब्लाउज नेला होता, हे फार उपयोगी पडलं.

तिसरं, माय सन. होई अनपासून साधारण चाळीस किलोमीटर. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, संस्कृत शिलालेखांसह. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथल्या काही मंदिरांचं जतन केलं आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. १९६९ मधल्या अमेरिकी बॉम्बफेकीत बरंच काही पडलं, बॉम्बचे खड्डे आजही मंदिरांच्या मधोमध दिसतात. आम्ही पहाटे निघून उघडताच आत गेलो, गर्दी यायच्या आत. गवतात उभा राहून नवऱ्याने हळू आवाजात 'कर्पूरगौरं' म्हटलं. इतक्या दूर, इतक्या वेगळ्या भाषेच्या देशात तो श्लोक अजिबात परका वाटला नाही. दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात तिथल्या मूर्ती ठेवल्या आहेत, तेही पाहा. ते १९१९ मध्ये सुरू झालं.

दा नांगजवळचा तो दोन हातांनी उचललेला सोनेरी पूल आम्ही वगळला. एक पूर्ण दिवस जातो आणि गर्दी फार. त्या दिवशी शीटमध्ये दुपारचा चौकोन मोकळा ठेवला होता, सायकली घेऊन भाताच्या शेतांतून अन बांगच्या किनाऱ्यावर गेलो.

हो ची मिन्ह सिटीच्या दोन रात्री मला जास्त वाटल्या. युद्धाचं संग्रहालय पाहायलाच हवं, पण ते पाहून मन जड होतं आणि त्या दिवशी दुसरं काही करावंसं वाटत नाही. कु चीच्या युद्धकाळातल्या भुयारांना जायला-यायलाच अर्धा दिवस लागतो. समुद्र आवडत असेल तर ते दिवस फू कुऑक बेटाला द्या, मार्चमध्ये तिथे कोरडी हवा असते.

मी शाकाहारी आहे, त्यामुळे खाण्यासाठी वेगळा रकाना होता. लक्षात ठेवायचा शब्द 'चाय', म्हणजे शाकाहार. 'कॉम चाय' अशी पाटी दिसली की निःशंक आत जा. बाकी ठिकाणी नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, कारण माशाचा सॉस जवळपास सगळ्यात असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा निवड वाढते. मेतकूट आणि खाकरे नेले होते, त्या विमानाच्या रात्री तेही बाहेर काढायचं त्राण नव्हतं, पण बोटीवर सकाळी कामाला आले.

पैशांचा रकाना सोपा ठेवा. डाँग या तिथल्या चलनातल्या किमतीतली शेवटची तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला सव्वातीन-साडेतीनने गुणायचं, की रुपये. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर आहेत. एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आत, दुसरीची सतराशेच्या आसपास. संध्याकाळच्या उजेडात चूक होऊ शकते, म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवल्या.

शीटचे दोषही सांगते. फोनवर ती वाचता येत नाही, आडवं सरकवत बसावं लागतं. आम्ही शेवटी एका कागदावर तारीख, गाव, हॉटेलचा पत्ता आणि निघायची वेळ एवढंच छापून घेतलं आणि प्रवासात तोच कागद वापरला. पत्ते व्हिएतनामी लिपीतल्या खुणांसह छापा, ड्रायव्हरला दाखवायला बरं पडतं. जुलै २०२५ पासून तिथे प्रांतांची फेररचना झाली आहे, होई अन आता दा नांग शहरात मोडतं, त्यामुळे आमच्या शीटमधले काही पत्ते जुने झाले. दुसरा दोष आमच्या भरण्याचा. बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख लिहिली होती, पण ती तिथल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीपर्यंत होती, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. आम्ही अकराला रद्द करायला गेलो आणि एका रात्रीचे पैसे गेले.

मावसबहीण येत्या गुढीपाडव्यानंतर निघते आहे. तिने निन्ह बिन्हला दोन रात्री केल्या, साइगाँव एका रात्रीवर आणलं, आणि तिथल्या चतुर्दशीच्या, म्हणजे १ एप्रिल २०२६ च्या चौकोनात होई अन लिहून त्याला पिवळा रंग दिला. परवा तिने मध्ये सापा हे उत्तरेकडचं डोंगरातलं गाव घालायचा प्रयत्न केला होता. मी काही न बोलता दारापासून दारापर्यंतचा रकाना भरून ठेवला. सकाळी पाहिलं तर सापाची ओळ तिनेच काढून टाकली होती.