विकायचे घर कसे दाखवावे: राहते, रिकामे, की भाड्याच्या फर्निचरने मांडलेले?

घर विकायला काढल्यावर ते आतून कोणत्या अवस्थेत दाखवावे, याचे प्रामुख्याने चार पर्याय असतात: आपण राहत असतानाच आवराआवर करून दाखवणे, सामान हलवून रिकामे दाखवणे, भाड्याचे फर्निचर आणून खोल्या मांडणे, किंवा रिकाम्या खोल्यांच्या छायाचित्रांत संगणकाच्या साहाय्याने फर्निचर बसवणे. बहुतेक विक्रेते निवडीची सुरुवात खर्चापासून करतात. माझ्या मते, येणाऱ्या ग्राहकाला आपल्या घरातील नेमकी कोणती गोष्ट समजायला अवघड जाते, हे आधी ठरवावे. कारण हे चार पर्याय चार वेगवेगळ्या अडचणींवरचे उपाय आहेत.

रिकाम्या घराविषयी एक समज असा, की सामान गेले म्हणजे खोली मोठी दिसते. प्रत्यक्षात मोकळ्या खोलीत मापाचा अंदाज देणारे काहीच नसल्यामुळे, सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग ठेवल्यावर कपाटाचे दार उघडण्याइतकी जागा उरेल का, हे अनेकांना नुसते पाहून सांगता येत नाही. शिवाय डोळ्यांना दुसरे काही नसल्याने खिळ्यांची भोके, फरशीवरील ओरखडे आणि कपाटामागे रंग न उडाल्यामुळे उमटलेला गडद चौकोन यांवरच नजर जाते, आणि बोलण्याचा आवाजही घुमतो. तरीही ज्या घरात नवा मालक ओटा, फरशी, वायरिंग असे सर्वच बदलून घेणार हे उघड आहे, ते रिकामेच दाखवावे. तेथे सजावटीवर केलेला खर्च वाया जातो.

राहते घर दाखवणे सर्वांत स्वस्त, पण सर्वांत कष्टाचे. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर ऐनवेळी येणाऱ्या ग्राहकांसाठी रोज घर लावून ठेवणे हा मोठाच जाच होतो, आणि त्याची किंमत हिशेबात कोणी धरत नाही. या पर्यायात आवराआवर केवळ दिवाणखान्यापुरती करून चालत नाही. भिंतीतील कपाटे घराबरोबरच विकली जाणार असल्याने ग्राहक ती उघडून पाहतो, आणि ती ठासून भरलेली दिसली, की या घरात सामान ठेवायला जागा कमी आहे असा त्याचा ग्रह होतो. म्हणून कपाटांतील आणि माळ्यावरील जे काही घर विकेपर्यंत लागणार नाही, ते आधीच बांधून दुसरीकडे हलवावे. वासाबाबत स्वतःच्या नाकावर विसंबू नये. सततच्या वासाची सवय झाल्याने तो आपल्याला जाणवेनासा होतो, तेव्हा बाहेरच्या कोणाला तरी विचारावे. सुगंधी फवारा मारणे मात्र टाळावे. त्याने काहीतरी लपवले जात असल्याचा संशय येतो.

भाड्याचे फर्निचर खरे उपयोगी पडते ते घर आधीच रिकामे झालेले असताना आणि त्याची रचना अवघड असताना. लांबट अरुंद खोली किंवा जिन्याखालचा कोपरा यांचा उपयोग काय, हे तेथे मेज आणि खुर्ची मांडलेली दिसल्यावर लगेच कळते. सरळ चौकोनी खोल्यांच्या घरात हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. खोली मोठी भासावी म्हणून मुद्दाम लहान मापाचे पलंग मांडण्याचीही एक क्लृप्ती आहे, पण मोजपट्टी घेऊन आलेल्या ग्राहकापुढे ती टिकत नाही.

संगणकीय सजावट ही त्याहून स्वस्त आणि जलद. एकच खोली अभ्यासिका म्हणून आणि शयनगृह म्हणूनही दाखवता येते. मात्र तिचे काम ग्राहकाला दारापर्यंत आणण्यापुरतेच असते. आत आल्यावर त्याला रिकामी खोलीच दिसते, आणि छायाचित्रावर तशी स्पष्ट नोंद नसेल, तर फसवणूक झाल्याची भावना घेऊन तो परततो. मूळ छायाचित्र शेजारी द्यावे, आणि भिंतीवरचे ओलीचे डाग चित्रातून पुसण्याचा मोह सर्वस्वी टाळावा.

ओलीचा प्रश्न चारही पर्यायांच्या आधीचा आहे. गळतीचे मूळ न शोधता वरून रंग दिल्यास पोपडे आणि क्षारांचे पांढरे थर पुन्हा वर येतात. नव्याने केलेला गिलावा रंग देण्याइतका सुकायला साधारणपणे चार आठवडे लागतात, म्हणून हे काम जाहिरातीच्या तारखेपूर्वी किमान दीड-दोन महिने हाती घ्यावे. त्या मानाने नळांची गळती, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या आणि सैल झालेली बटणे ही एका दिवसाची कामे आहेत. दिव्यांबाबत एवढेच पाहावे, की एका खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन हे येथे प्रकाशाची रंगछटा सांगणारे माप) पिवळसर आणि ६५०० केल्विनचे निळसर पांढरे दिवे एकत्र नसावेत. छायाचित्रात त्याच भिंतीचे दोन रंग दिसतात. स्वयंपाकघर पूर्ण नवे करणे मात्र मी सुचवणार नाही, कारण आवडीनिवडी वेगळ्या असतात आणि ग्राहक ते पुन्हा मोडण्याची शक्यता असते.

एकंदरीत राहत्या घरात आवराआवर आणि दुरुस्ती एवढे बहुतेकांना पुरते. घर आधीच रिकामे असेल, तर प्रथम नोंदीसह संगणकीय छायाचित्रे द्यावीत. लोक येऊन पाहतात पण पुढे बोलणी करत नाहीत असे दिसले, तरच भाड्याच्या फर्निचरचा विचार करावा, आणि तोही सर्व खोल्यांसाठी न करता दिवाणखाना व एका शयनगृहापुरता. करार करताना किमान भाडेकाळ किती, विक्री लांबल्यास मुदतवाढीचा दर काय आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्यावे.