आर्थिक धक्के शिकवणारा वर्ग : रामदासपेठेतील एका शिकवणीचे परीक्षण

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि नागपुरातील स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांना अर्थशास्त्राची मांडणी नव्याने करावी लागली. दुष्काळ, युद्ध किंवा वित्तसंकट यांसारखा आर्थिक धक्का बसला की मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या किंमत पातळीला किती मागणी असते हे दाखवणारी रेषा, उजवीकडे सरकला (मागणी वाढली) की डावीकडे (घटली), एवढे चार पर्यायांतून ओळखणे आता पुरत नाही. तो कशामुळे सरकला, किती काळ तेथे राहिला आणि त्यामागोमाग पुरवठ्याचे काय झाले, हे उमेदवाराला स्वतःच्या वाक्यांत मांडता आले पाहिजे. रामदासपेठेतील एका शिकवणीने नेमक्या याच भागासाठी शनिवार-रविवारी भरणारा अल्पमुदतीचा वर्ग सुरू केला असून तो मी पूर्ण केला आहे. वर्ग घेण्याजोगा आहे. मात्र धक्क्यानंतरचा अल्पकाळ जितका उत्तम शिकवला जातो, तितका त्यापुढचा दीर्घकाळ शिकवला जात नाही.

भक्कम बाजू आधी सांगतो. येथील प्राध्यापक एक धक्का, एक आकृती आणि एक उत्तर असे शिकवत नाहीत. एकदा काढलेली रेषा ते पुसत नाहीत. तिच्या शेजारी पुढच्या वर्षाची, मग त्याच्या पुढच्या वर्षाची रेषा काढत जातात, आणि तासाच्या शेवटी फळ्यावर अर्थव्यवस्था ज्या बिंदूंमधून गेली त्यांची सलग वाट दिसू लागते. या पद्धतीचा सर्वांत चांगला प्रत्यय १९७३ ते १९७६ या कालखंडावरील व्याख्यानात येतो. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्रासह देशाचा धान्यपुरवठा आधीच आखडला होता; त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि अवघ्या काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. अल्पकालीन पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकला, म्हणजे किमती वाढल्या आणि उत्पादन खुंटले. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमतींवर आधारित महागाई ३० टक्क्यांच्याही वर होती.

बहुतेक ठिकाणी हा विषय येथेच संपतो. या वर्गात तो येथून सुरू होतो. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून पगारवाढीची रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्यातील निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला, कंपन्यांच्या लाभांश वाटपावर मर्यादा घातली, आणि अशा रीतीने मागणीचा वक्रही जाणूनबुजून डावीकडे ओढला. पुढे १९७५चा पाऊस चांगला झाला, पुरवठ्याचा वक्र उजवीकडे परतू लागला आणि १९७५-७६ मध्ये घाऊक किमती चक्क घटल्या. महागाई उतरली ती सरकारी कठोरपणामुळे की पावसामुळे, हा प्रश्न प्राध्यापक वर्गापुढे ठेवतात आणि दोन्ही वक्र एकदम सरकले असता केवळ किमतीकडे पाहून उत्तर देता येत नाही, उत्पादनाकडेही पाहावे लागते, हे प्रत्येकाकडून लिहून घेतात. एवढ्या एका तासासाठीही शुल्क भरायला माझी हरकत नसती.

२००८-०९चे व्याख्यानही याच तोडीचे आहे. परदेशातील वित्तसंकटाचा धक्का भारताला निर्यात आणि भांडवल यांच्या वाटेने बसला, म्हणजे तो मुख्यतः मागणीचा होता. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला, सरकारने उत्पादन शुल्कात कपात केली, आणि मागणी सावरली. पण २००९च्या मोसमात पाऊस सरासरीच्या ७८ टक्केच पडला. मागणी उजवीकडे ढकललेली असताना अन्नधान्याचा पुरवठा डावीकडे गेला की महागाई का चिवट होते, हे यापेक्षा नेमक्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

२०२० ते २०२३चा भाग थोडा घाईत उरकला जातो. एप्रिल-जून २०२० मध्ये सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली, एवढे सांगून गाडी थेट युक्रेन युद्धावर येते. तेथे मे २०२२ची मांडणी चांगली आहे. त्या एकाच महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला आणि केंद्राने पेट्रोलवरील अबकारी ८ रुपयांनी व डिझेलवरील ६ रुपयांनी कमी केली. पहिल्या उपायाचा रोख मागणीवर होता, तर दुसऱ्याचा मुख्यतः उत्पादन आणि वाहतूक खर्चाच्या वाटेने पुरवठ्यावर. व्याजदर वाढवून तेलाच्या विहिरी भरत नाहीत, तरीही दर वाढवावे लागतात, कारण एप्रिलमध्ये ७.७९ टक्क्यांवर गेलेली किरकोळ महागाई लोकांनी कायमची गृहीत धरली की पगाराचे आणि भाड्याचे करार त्याच हिशेबाने होतात आणि तात्पुरता धक्का लांबत जातो. हा दुवा प्राध्यापकांनी फार सोप्या शब्दांत उलगडला.

आता लंगडी बाजू. समग्र पुरवठ्याची, म्हणजे देशातील सर्व वस्तू-सेवांच्या एकूण पुरवठ्याची, ओळख करून देताना येथे संत्र्याचे उदाहरण दिले जाते: गारपिटीने मृग बहार गेला, कळमन्याच्या बाजारात आवक घटली, भाव चढला. नागपूरकरांना ते लगेच पटते, आणि त्यातच धोका आहे. एका फळाचा भाव इतर वस्तूंच्या तुलनेत वाढणे आणि देशातील एकूण किंमत पातळी वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. संत्री महागली तर गिऱ्हाईक मोसंबीकडे वळते. सर्वच महागले तर वळायला जागा नसते. समग्र मागणीचा वक्र खाली उतरतो तो लोकांच्या हातातील पैशाचे खरे मूल्य, व्याजदर आणि निर्यात यांच्यामुळे. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट न झाल्याने वर्गातील अनेकांच्या उत्तरांत शेवटपर्यंत बाजारपेठ आणि अर्थव्यवस्था यांची सरमिसळ होत राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दीर्घकालीन पुरवठ्याची उभी रेषा, म्हणजे अर्थव्यवस्थेची मूळ उत्पादनक्षमता दाखवणारी रेषा, येथे फळ्यावर एकदा ठोकली की ती हलतच नाही. मागणी कोसळली, उत्पादन क्षमतेखाली गेले, कालांतराने मजुरी आणि कच्च्या मालाचे दर नरमले, अल्पकालीन पुरवठा उजवीकडे सरकला आणि अर्थव्यवस्था मूळ जागी परतली, असे प्रत्येक गोष्टीचे गोड शेवट होतात. प्रत्यक्षात दीर्घ मंदीत जे छोटे कारखाने बंद पडतात ते सगळे पुन्हा उघडत नाहीत आणि कामापासून वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या कारागिराचा हात पूर्वीसारखा चालत नाही. मागणीचा धक्का अशा वेळी क्षमतेवरच ओरखडा उमटवतो. अर्थशास्त्रज्ञ याला हिस्टेरेसिस म्हणतात आणि २००८ नंतर त्यावर भरपूर चर्चा झाली आहे. वर्गात त्याचा उल्लेखही आला नाही.

या भागासाठी उदाहरण शोधायला विदर्भाबाहेर जायचीही गरज नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना जाणारा कापूस अडला, वऱ्हाडाच्या कापसाला अचानक मागणी आली आणि युद्ध संपताच भाव कोसळले. हा मागणीचा तात्पुरता धक्का झाला. त्या कोसळण्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रूळ आणि गिरणी यांनी या प्रदेशाची उत्पादनक्षमताच बदलली. ओसरणारा धक्का आणि टिकणारा बदल यांतील फरक एकाच पिकाच्या इतिहासात दाखवता येतो. संत्र्याऐवजी कापूस घ्यावा, असे मी अभिप्राय पत्रिकेत लिहून दिले आहे.

बाकी सोयी ठीक आहेत. खोली लहान आहे आणि कूलर सुरू असला की मागच्या बाकांवर ऐकू येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातील तुकडीत जाणाऱ्यांनी लवकर पोहोचून पुढची जागा धरावी. छापील टिपणे निराशाजनक आहेत: मागणीचे धक्के आणि पुरवठ्याचे धक्के अशा दोन रकान्यांत घटना कोंबलेल्या आहेत आणि नोटाबंदीसारखी दोन्हींकडे पाय असलेली घटना एकाच रकान्यात अडकली आहे. फळ्यावरच्या आकृत्या स्वतः उतरवून घेणे हाच उपाय. उत्तरपत्रिका मात्र मनापासून तपासल्या जातात. समासात लिहिलेल्या शेऱ्यांतून मला पुस्तकांपेक्षा अधिक मिळाले.

पदवीला अर्थशास्त्र नसलेल्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्यांचा पाया पक्का आहे त्यांनी १९७३ आणि २००८ ही दोन व्याख्याने आणि उत्तरलेखनाचा सराव एवढ्यापुरताच प्रवेश मागावा. कार्यालयात विचारल्यास तशी सवलत मिळते आणि शुल्कही त्या प्रमाणात घेतले जाते.