सीरम घ्यावं की लघवी?

मेथोट्रेक्सेट आमवाताच्या कोणत्या पेशंटला औषध म्हणून लागू पडेल, हे पहिल्या गोळीआधीच चयापचयातल्या खुणांवरून ओळखायचं, असा विषय घेतलेल्या दोन ज्युनिअरांनी मला एकच प्रश्न विचारला: नमुना कशाचा घेऊ? मी दोन्ही करून बसलोय. आमचं यंत्र एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मदतीने नमुन्यातल्या रेणूंचा शिखरांचा आलेख (स्पेक्ट्रम) काढणारं. मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांचं (ते रेणू वजनावरून ओळखतात) गणित थोडं वेगळं असू शकेल.

कागदावर सीरमच (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) सरस. सीआरपीसाठी (सूज मोजणारी रक्ततपासणी) सुई टोचायचीच असते, त्यात एक ट्यूब जास्त. लिपिड्सही मिळतात, शिवाय गाइडना सीरम ओळखीचं. मीही तिथूनच सुरुवात केली.

मग लॅक्टेटने छळलं. सुजलेल्या सांध्यात ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडून लॅक्टेट बनवायची क्रिया, वाढतं, म्हणून लॅक्टेट आमच्या यादीत अगदी वर होतं. पण रक्त ट्यूबमध्ये आलं तरी तांबड्या पेशी ग्लुकोज खायच्या थांबत नाहीत. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज संपतं आणि लॅक्टेट वाढत जातं. आमच्या ओपीडीतला रॅक मात्र भरल्याशिवाय लॅबकडे हलायचा नाही. गर्दीच्या दिवशी अर्ध्या तासात भरायचा, एरवी दोन-अडीच तास. शेवटी स्वतःच्याच रक्ताच्या दोन ट्यूब घेतल्या. एक अर्ध्या तासाने सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) फिरवली, दुसरी त्या रॅकसोबत येऊ दिली. स्पेक्ट्रममधल्या 1.33 पीपीएम या जागेजवळचं लॅक्टेटचं जोडशिखर दुसरीत नुसत्या डोळ्यांना उंच दिसत होतं. म्हणजे इतके महिने मी आजार मोजत होतो की वॉर्डबॉयच्या फेऱ्या? ग्लायकोलिसिस थांबवणारी राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब वापरून पाहिली. फ्लोराइडचा असर पूर्ण व्हायला तास-दोन तास जातात, आणि आमच्या ट्यूबमधल्या ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) शिखरं स्पेक्ट्रममध्ये ठाण मांडून बसली.

लघवीचे ताप वेगळेच. चहाने हिप्युरेट वाढतं, आदल्या रात्रीच्या मासळीने ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, आणि पॅरासिटामॉल तर निम्मे पेशंट घेतातच. पातळ-दाटपणा स्नायूंतून येणाऱ्या क्रिएटिनिनने भागून सावरायचा, तर या आजारात स्नायू झडलेल्यांचं क्रिएटिनिनच कमी. सकाळची पहिली लघवी आणायला सांगितलेल्या एका आजींची बाटली पिशवीत सांडली होती. "झाकण नीट का नाही लावलं?" विचारलं, तर म्हणाल्या, "बाळा, सकाळी झाकण फिरवता आलं असतं तर मी इथं कशाला आले असते?" पुढच्या आठवड्यात दाबून बसणाऱ्या झाकणाच्या बाटल्या आणल्या.

एवढं असूनही माझं मन लघवीकडे झुकतं. मासळी, चहा, गोळ्या पेशंटला विचारून लिहून घेता येतात, आणि पॅरासिटामॉलची शिखरं तर स्पेक्ट्रमच दाखवतो. रॅकमधल्या उशिराची नोंद कुणी केली नसेल, तर तो हुबेहूब आजारासारखा दिसतो. बर्मिंगहॅमच्या गटाने 2013 साली टीएनएफ-विरोधी (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या) औषधांचा प्रतिसाद आधी ताडण्यासाठी लघवीचंच एनएमआर वापरलं होतं. आमवाताचे पेशंट 16च होते, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. पण वाट अगदीच आडवळणाची नाही.

ओपीडीशेजारीच सेंट्रिफ्यूज असेल तर सीरम घ्या, माझी हरकत नाही. फक्त प्रोटोकॉल लिहिण्याआधी एकदा घड्याळ लावून ट्यूबसोबत चालत जा, रॅक भरायची वाट बघण्यासकट.